तुझ्या जागेचा दगड

आई,

आज दुपारी पुन्हा जमीन हलली. मोठं काही नाही, मांडणीवरच्या ताटल्या एकमेकींना लागून किणकिणल्या आणि गप्प झाल्या. तिकडे तलासरीच्या बाजूला लोक घर सोडून तंबूत राहताहेत, आपल्या किनाऱ्याला त्याचा शेवटचा हिसका तेवढा पोचतो. पण सूनबाई ऐकेना. माझी आरामखुर्ची ओढत चिकूखाली आणून ठेवली आणि म्हणाली, "बाबा, आता इथेच बसा. काय लिहायचं ते इथे लिहा." तर लिहितो आहे. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा तू असतीस तरी हे मीच तुला वाचून दाखवलं असतं, आणि तू वाल सोलता सोलता मध्येच म्हणाली असतीस, "किती लांबण लावतोस, मुद्द्याचं बोल." मुद्द्याचं असं, की ज्याने तुझा दगड खाडीत टाकला, त्याच्या मुलाला मी भर बाजारातून डोक्यावर दगड वाहायला लावला. दोन वर्षं झाली त्याला. अजून आठवलं की जिभेवर गूळ ठेवल्यासारखं वाटतं.

पण घाईने नाही सांगणार. इतकी वर्षं जपून ठेवलेली वस्तू माणूस एकदम काढत नाही. आधी जरा बाजारात जाऊन बसू दे मला, तुझ्या मागे, टोपलीच्या सावलीत. वडाच्या पारापासून खाडीच्या वाटेपर्यंत बायकांची रांग. प्रत्येकीच्या बुडाखाली तिचा दगड. कुणाचा जात्याचा फुटका तळ, कुणाचा नदीतला गुळगुळीत धोंडा, डोंगराकडच्या पाड्यांवरून येणाऱ्या बायांचे काळे कातळाचे तुकडे. बाजार उठला तरी दगड तिथेच राहायचे. जिचा दगड तिची जागा. कुणी पावती मागितली नाही, कुणी पट्टी लावून मोजलं नाही. बाई थकली की ती आपल्या हातांनी दगड उचलायची आणि सुनेच्या ओंजळीत द्यायची, सून तो पुन्हा त्याच जागी टेकवायची, आणि घरातलं कुणीतरी त्या घरची माल विकायची हाक एकदा मोठ्याने द्यायचं, की झाली जागा तिची. परक्याने दगड उचलला तर मात्र ती जागा मेली. तिथे बसणं म्हणजे दुसरीच्या विझलेल्या चुलीवर भात टाकणं, असं तूच मला सांगितलं होतंस. तुझा दगड म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या पाट्याचा अर्धा तुकडा. पाटा मधोमध उलला तेव्हा आजी रडली होती आणि तू म्हणाली होतीस, "एका तुकड्यावर वाटू, एकावर बसू. फुकट काय गेलं त्यात?"

मी तेव्हा कवितांनी झपाटलेला. शाळेच्या पुस्तकातल्या कविता मला धड्यांच्या आधी पाठ व्हायच्या. बाजारात तुझ्या मागे बसून डोळे मिटून मी त्या चालीवर म्हणत होतो, आणि एका शेळीने मेथीची अख्खी जुडी खाऊन टाकली, ते आठवतं? तू मला मारलं नाहीस. शेळीला हाकललंस, उरलेले देठ माझ्या मांडीवर ठेवलेस आणि म्हणालीस, "कविता म्हण, मी कुठे नको म्हणते? पण डोळे उघडे ठेवून म्हण." बाजूच्या सुकटवाल्या मावशीने लगेच टोमणा मारला, "गो, शेळीला आवडली असल कविता, म्हणून तं आली." सगळी रांग हसली. मग तू तुझी हाक दिलीस. 'कवळी तोंडली, दवातली तोंडली' अशी सुरू व्हायची ती. दोनच ओळी, पण तुझा आवाज पहिल्या ओळीवर चढायचा आणि दुसरीवर असा उतरायचा, की पुढे गेलेली गिऱ्हाइकं मागे वळायची. पुढे शाळेत गुरुजींनी वृत्त म्हणजे काय ते फळ्यावर लघुगुरूच्या खुणा करून समजावलं, तेव्हा वर्गात मला एकट्यालाच ते पटकन कळलं. कारण ते मी आधीच ऐकलं होतं.

आणि तो दिवस. मी मॅट्रिकच्या वर्गात आहे, सुट्टी आहे, हातात तराजू आहे. सरपंच येतो. पांढरं धोतर, पायात करकरणाऱ्या वहाणा, मागे बैलगाडी आणि दोन गडी. त्याचं नवं दुकान तुझ्या पाठीमागेच उभं राहिलं आहे आणि तुझी टोपली त्याच्या पायरीसमोर येते. तो म्हणतो, "बाई, ऊठ. पलीकडे बस." तू म्हणतेस, "भाऊ, दुकान काल झालं. माझ्या आजेसासूपासूनची जागा आहे." तो रागवत नाही, हसतो. तेच मला कधी विसरता आलं नाही. हसून, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणतो, "दगड ठेवून जागा होते काय गो? मग मी उद्या महालक्ष्मीचा डोंगर आणून ठेवतो. सगळं गाव माझं." लोक हसतात. आपल्याच ओळखीची माणसं हसतात, आई. तो वहाणेने तुझ्या दगडाला टोचतो, गडी तो उचलून गाडीत टाकतात आणि गाडी खाडीकडे जाते. मी उठतो तर तू माझं मनगट धरतेस. हळदीने पिवळी झालेली तुझी बोटं. इतक्या जोराने, की तुझ्या बांगडीचा वळ माझ्या हातावर उठला.

ओहोटीला मी खाडीत उतरलो, मांडीपर्यंत चिखलात. दगड सापडला नाही हे तुला ठाऊकच आहे. मी घरी आलो तेव्हा तू चुलीपुढे बसून पाट्याच्या उरलेल्या अर्ध्या तुकड्यावर सुक्या जवळ्याची चटणी वाटत होतीस. माझे पाय बघितलेस आणि म्हणालीस, "राहू दे. खाडीला बसायला झाला तो." त्यानंतर तू बाजारात बसली नाहीस. बोर्डीच्या व्यापाऱ्याला उभ्या मळ्यातच माल देऊ लागलीस, तो देईल त्या भावाने. आणि घरातही तुझी हाक पुन्हा कधी ऐकू आली नाही. तेव्हा मला वाटलं तू विसरलीस. मला वर्षं गेल्यावर कळलं की तू ती गिळली होतीस.

मला एसटीत कंडक्टरची नोकरी लागली त्या सकाळी तू तुझी चुंबळ माझ्या पिशवीत घातलीस. लुगड्याच्या काठाची, घट्ट वळलेली, डोक्यावर टोपलीखाली ठेवायची. म्हणालीस, "माझ्या काय कामाची आता? बसमध्ये बसायच्या बाकावर ठेव, कंबर दुखणार नाही." मी ती कधी बाकावर ठेवली नाही. डहाणू ते झाई सगळा जन्म माझा त्या रस्त्यावर गेला, बाजारच्या बायका टोपल्यांसकट माझ्या गाडीत चढायच्या, मला मास्तर म्हणायच्या, आणि मी त्यांच्या टोपल्या खालून वर घेताना शाळेतल्या कविता म्हणायचो. डोळे उघडे ठेवून. सरपंच म्हातारा होऊन मेला तेव्हा मी त्याच्या अंत्ययात्रेला गेलो होतो. लोकांना वाटलं मोठ्या मनाचा माणूस. मी खात्री करून घ्यायला गेलो होतो. चिता पेटेपर्यंत थांबलो आणि परत येताना मला चुकल्यासारखं झालं, की हा माझं काही देणं न फेडताच निसटला.

पण देवाने त्याला मुलगा दिला होता, आणि मुलाला त्याच्याच वहाणांची करकर. जिल्हा वेगळा झाला, ग्रामपंचायतीची कधीचीच नगरपालिका झालेली होती, तिथे हा बांधकामाचा सभापती झाला. वाईट माणूस म्हणता येणार नाही असा. त्याच्या डोक्यात एकच होतं, गावाचा विकास. बचत गटाच्या बायकांसाठी मंडई बांधायची, वर पत्रा, खाली फरशी, हात धुवायला नळ, ओळीने ओटे. वापीचा, मुंबईचा व्यापारी थेट इथे येईल, बायकांना चार पैसे जास्त सुटतील. खोटं नव्हतं ते. सभेत त्याने नकाशा दाखवला तेव्हा मीही मागच्या बाकावरून मान डोलावली. मंडई उठली ती जुन्या बाजाराच्याच जागेवर. आणि तिथे त्याने ती चूक केली, जी फक्त त्याच्या घरातला माणूस करू शकतो. ज्याच्या घरची बाई कधी बाजारात बसली नाही, त्याला ते दगड म्हणजे राडारोडा दिसला. जेसीबी आला, सगळे दगड एका फटक्यात उचलले गेले आणि खाडीच्या काठाला भरावात जाऊन पडले. मंडईतले ओटे चिठ्ठ्या टाकून वाटायचं ठरलं.

पहिल्या बाजाराला बायका आल्या. नव्या फरशीच्या कडेला टोपल्या डोक्यावर घेऊन उभ्याच राहिल्या. नगरपालिकेचा इंजिनिअर तरुण, नगरचा की कुठला. तो विनवत होता, "मावशी, बसा ना. ओटा तुमच्याच नावाचा आहे." सुकटवाली मावशी आता काठी टेकत येते, तिने काठीनेच फरशी ठोकून बघितली आणि म्हणाली, "बसू, पण दगडाबिगर कोणाच्या जाग्यावर बसते मी ते तं सांग. हिच्या सासूच्या? का त्या मेलीच्या?" तो म्हणाला, "दगड कशाला पाहिजेत? टाइल्स आहेत." मावशी म्हणाली, "टाइल्सवर तुझ्या आईला बसव." आणि सगळ्या निघाल्या. डांबरी सडकेच्या कडेला बसल्या, धुळीत, ट्रकच्या वाऱ्यात. पुढच्या बाजाराला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. पाड्यावरच्या काही बाया येईनाशा झाल्या. भाजी वाळून जायची. समोर चकचकीत मंडई, आत दोन कुत्री झोपलेली. त्यात उद्घाटनाला मोठे पाहुणे यायचे ठरलेले, पत्रिका वाटून झालेल्या.

तेव्हा सभापती माझ्याकडे आला. याच चिकूखाली. मी त्याला खुर्ची दिली नाही, बादली उपडी घालून दिली. तो तिच्यावर बसला आणि म्हणाला, "मास्तर काका, बायका तुमचं ऐकतात. काय हवंय त्यांना? नळ दोन वाढवू का?" मी त्याला दगडाचा रिवाज सांगितला. परक्याने उचलला की जागा मरते, हे खरंच त्याला ठाऊक नव्हतं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "एवढंच? ट्रॉली भरून परत आणतो ना." मी म्हटलं, "आणून चालणार नाही. ज्या घरच्या हुकमाने उचलले, त्या घरच्या माणसाने एकेक दगड एकेका बाईच्या ओंजळीत द्यायचा. नारळ देऊन. वाकून." तो म्हणाला, "देतो. कमीपणा कसला त्यात?" आई, तिथे मी थांबायला हवं होतं असं कुणी म्हणेल. रिवाज तिथे संपत होता. पण माझ्या मनगटाला तुझी बांगडी पुन्हा टोचायला लागली. मी म्हटलं, "अजून एक. पहिला दगड माझ्या आईचा."

त्याने चमकून पाहिलं. त्याला ती गोष्ट माहीत होती. मला वाटलं होतं माहीत नसेल. नसती, तर मला ती सांगताना मजा आली असती. तो हळूच म्हणाला, "तो तर खाडीत..." मी म्हटलं, "तुझे वडील डोंगर आणून ठेवणार होते. तो काही त्यांना जमला नाही. तू दगड आण. माझ्या घरी आहे. ओहोटीला मी काढला होता." तुझी भुवई आता वर गेली असेल. जाऊ दे. तुझा दगड खाडीतच आहे. आणि पाट्याचा दुसरा तुकडा आहे आपल्या घरात, सूनबाई मिक्सर बाजूला ठेवून चटणी त्याच्यावरच वाटते. तो देता आला असता. पण तो त्याने एका हातात, काखोटीला मारून नेला असता, फाइल नेतात तसा. मला तो वाकलेला पाहायचा होता. म्हणून मी त्याला विहिरीवरचा धुण्याचा दगड दाखवला.

बाजाराच्या दिवशी सकाळी तो आला, पांढरा सदरा घालून. दोघांनी तो दगड उचलून त्याच्या डोक्यावर दिला तेव्हा त्याची मान खांद्यात गेली. म्हणाला, "काका, डोक्यावर ठेवायला काही द्या ना." तुझी चुंबळ कपाटात होती, माझ्या हातापासून चार पावलांवर. मी म्हटलं, "आमच्याकडे कुठली आता." तसाच निघाला तो. मी मागून चाललो, सावकाश, काठी टेकत, कुणाच्या लग्नाच्या वरातीत चालल्यासारखा. घराघरांतून माणसं बाहेर आली. त्याच्या बापाच्या दुकानात आता मोबाइल विकतात, तिथले लोक पायरीवर उभे राहिले. एका गुजराती शेठने विचारलं, "काय मास्तर, सभापतीसाहेब हमाली करते काय?" मी म्हटलं, "जुनी उधारी आहे, शेठ." शेठ हसला, आणि त्याच्या मागचे दोघेतिघे हसले. त्या हसण्यासाठी मी जन्मभर थांबलो होतो. सभापतीच्या कानामागून घामाचा ओघळ उतरत होता, सदरा पाठीला चिकटला होता, धुण्याच्या साबणाचा जुना पांढरा थर त्याच्या केसांत उतरत होता. वडापाशी मावशीने त्याला थांबवलं, आपली चुंबळ काढून त्याच्या डोक्याखाली सारली. मला तिचा राग आला.

पहिल्या ओट्यावर दगड ठेवला. मावशी पुढे झाली, दगडावरून हात फिरवला, वास घेतला, आणि माझ्याकडे तोंड करून, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "तुझ्या आईचा एवढा मोठा नव्हता रे." मी म्हटलं, "इतक्या वर्षांत वाढला असल." तिचं बोळकं हललं, पण ती हसली की काय ते कळलं नाही. मग ती मोठ्याने म्हणाली, "ठेवला तं ठेवला. आता घरची हाक दे."

मी छाती भरून घेतली. 'कवळी तोंडली, दवातली तोंडली.' आवाज चांगला लागला, पत्र्याला लागून घुमला. बायका माझ्याकडे वळल्या. आणि पुढची ओळ आली नाही. मी थांबलो. लोकांना वाटलं गहिवरलो. सभापतीने कुणाला तरी पाणी आणायला पाठवलं. चौथीच्या पुस्तकातली मला विचार, सातवीतली विचार, कडव्यामागून कडवं सांगेन, गुरुजींनी कुठे खडू टेकवला होता तेही सांगेन. तुझी दुसरी ओळ नाही. मग मी एक जुळवली, तिथल्या तिथे. 'घे गो बाय, ओंजळ भरून मांडली.' यमक बरोबर होतं. बायकांनी ती उचलली, दोनदा म्हटली, आणि बसायला सुरुवात केली. भरावातून परत आणलेले दगड तो एकेकीपुढे वाकून देत गेला, आणि मी तुझ्या ओट्यापाशी उभा राहून त्याचं प्रत्येक वाकणं बघितलं.

मंडई आता चांगली चालते. बचत गटाच्या बायका चिकूच्या चकत्या वाळवून पाकिटं भरतात, ती मुंबईला जातात. निवडणूक त्याने पुन्हा जिंकली, दगड वाहिला म्हणूनच जिंकली असं लोक म्हणतात, आणि ते ऐकलं की माझं जेवण कडू होतं. तरी तो समोर आला की अजून माझ्या डोळ्याला डोळा देत नाही, तेवढं पुरतं मला. तुझ्या ओट्यावर आपली सून बसते, बाजारच्या दिवशी. धुणं ती विहिरीच्या काठावरच आपटते आणि मला बोलते. ती हाक देते तेव्हा मी जोडलेली ओळ देते. तिला वाटतं तीच तुझी. सगळ्या बाजाराला आता तेच वाटतं.

सरपंचाचं हसू मी नीट जपलं, आई. वहाणांची करकर, 'डोंगर आणून ठेवतो' मधला शेवटचा लांबवलेला 'तो', गाडीच्या चाकाचा आवाज, सगळं. तुझी ओळ कधी गेली ते कळलंच नाही. मावशीला ठाऊक असणार. ती अजून येते, मंगळवारी काठी टेकत आपल्या घरावरून जाते, मी याच खुर्चीतून तिला बघतो. विचारायला तोंड उघडतो आणि "काय मावशी, सुकट कशी दिली?" असं काहीतरी विचारतो. तिला विचारायची मला लाज वाटते. तुला विचारायची वाटत नाही, कारण हे पत्र घडी घालून मी पाट्याच्या तुकड्याखाली ठेवणार आहे आणि ते कुठे जाणार नाही. म्हणून तुला विचारतो. कवळी तोंडली, दवातली तोंडली. पुढे काय म्हणायचीस गं तू?